लिहिलेली बाजू आत

३ फेब्रुवारी

चिमटीस,

मायन्यात आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहिले असं समज.

तुझं पत्र पोचलं. या वेळी रजिस्टर्डनं पाठवलंस आणि वर माझंच नाव घातलंस, म्हणजे सही केल्याशिवाय सुटका नाही. हुशार झालीस. पोस्टमन दारात उभा, बाबा आत खुर्चीवर आणि मी पेन शोधत होते, तेवढ्यात लांबूनच तुझं अक्षर ओळखलं. अजून समास सोडत नाहीस. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहीत सुटतेस. बाइंडरच्या मुलीला हे शोभत नाही, असं बाबा तुला म्हणायचे आणि वर हसायचे. मी तसं लिहिलं असतं तर हसले नसते.

तर तू बावीस मार्चला येणार आणि बाबांना घेऊन जाणार. विचारत नाहीस, कळवतेस. बाइंडिंगचा गाळा मार्चअखेर रिकामा करायचाय, हे तुला कुणी सांगितलं ते विचारत नाही. शिलाईवाल्या मावशींच्या पोटात काही राहत नाही. वीस वर्षं आपल्याकडे पुस्तकं शिवतायत, तोंड शिवायचं तेवढं राहून गेलं.

बाबा कुठे राहणार याची काळजी तू करू नकोस. मी दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. तळमजला आहे, जिना नाही, आणि खिडकी बाबांच्या खुर्चीच्या बरोबर उंचीला येते. कटिंग मशीन तिथे मावणार नाही, ते जाऊ दे. पुस्तकांचा दाब, सुऱ्या आणि शिलाईची चौकट नेता येईल. किरकोळ कामं घरून होतील. अकरा वर्षं आम्ही दोघं तुझ्यावाचून जगलोच आहोत.

त्यांच्या हाताबद्दल विचारतेस. ऑक्टोबरात गाळा सोडायचं ठरलं आणि नोव्हेंबरात बाबा पडले. नमुन्यांचं कपाट तुला आठवत असेल, गिऱ्हाइकाला कापड, पुठ्ठा, शिलाई दाखवायला बांधलेली कोरी पुस्तकं ठेवतो ते. त्याच्या वरच्या कप्प्यासाठी स्टुलावर चढले. उजवं मनगट मोडलं. वर काय शोधत होतात म्हणून विचारलं, तर म्हणे धूळ झटकत होतो. या माणसानं जन्मात फडकं हातात घेतलेलं मी पाहिलं नाही. पण आपल्या घरात दुसऱ्यांदा विचारायची पद्धत कुठे आहे. आता प्लास्टर निघालंय, बोटं मात्र अजून लाकडाची आहेत.

आणि ते शेवटचं. ‘चौदा पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही.’ टपालाचं काय सांगावं. पत्रं गहाळ होतात, पत्ते बदलतात. आपला पत्ता बदललेला नाही हे मलाही माहीत आहे, तेवढंच सांगायला पुन्हा रजिस्टर्ड खर्ची घालू नकोस.

येऊ नकोस.

ताई


१२ फेब्रुवारी

चिमटीस,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. एक ओळ ‘मी येणार’, दुसरी ‘बाबा दिवसभर काय करतात’. पहिलीचं उत्तर मी दिलेलं आहे. दुसरीचं देते.

बाबा पक्षी करतायत.

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, बोटं सुटायला हवीत, रबरी चेंडू दाबत जा. बाबांनी दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी तो चेंडू खळीच्या भांड्यात सापडला. मग बाई म्हणाल्या, तुम्ही बाइंडर ना, मग कागद दुमडा, रोज शंभर घड्या. हे त्यांना पटलं. पण नुसत्या घड्या कशाच्या घालायच्या? तेव्हा ते आपण होऊन म्हणाले, “ते तुमचं बदक होतं ना, ते करू.”

तुमचं म्हणजे आपलं. तुला बदक आठवतं का? हंस करायला निघालो होतो आपण. तू नऊ वर्षांची, मी चौदा. कातरणाचे बोटभर लांबीचे तुकडे घ्यायचे, लांबीतून दुमडायचे, मध्यावरून दोन्ही बाजू खाली आणायच्या, उरलेल्या कडा वर, आणि पुन्हा मधोमध मिटायचं. एक जाडसर त्रिकोण होतो. त्याला दोन टोकं आणि दोन खिसे. एकाची टोकं दुसऱ्याच्या खिशात, असे चारशेच्या वर त्रिकोण गोल फेऱ्यांनी चढवत न्यायचे. हंस उभा राहिला खरा, पण मान टिकेना, ती छातीवर आली. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, बदक छान झालंय.

खळ मात्र लावू दिली नाही. मान पडते तर पडू दे, म्हणाले, जे खळीशिवाय उभं राहत नाही ते उभं राहिलेलं नसतंच. दुसरा नियम, छापलेली किंवा लिहिलेली बाजू आत, कोरी बाहेर. म्हणून तर आपल्याला लहानपणापासून एकाच बाजूला लिहायची सवय लावली, मागची बाजू कधीतरी कामाला येते म्हणून. तू पत्रंसुद्धा एकाच बाजूला लिहितेस. समासाची शिस्त लागली नाही, ही लागली.

घड्या तू घालायचीस आणि जोडायचे मी. तुझ्या घडीची कड अशी यायची की हाडाची पट्टी फिरवायची गरज नसायची, नुसत्या चिमटीत धरायचीस. त्यावरून तू चिमटी झालीस. मी पट्टी झाले. मी सरळ होते म्हणून की कोरडी होते म्हणून, ते कुणी सांगितलं नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला बाबा ते बदक दाखवायचे आणि म्हणायचे, घड्या बघा आमच्या चिमटीच्या. चारशे तुकडे कुणी एकमेकांत रुतवले, फेरा वाकडा गेला की कुणी उसवून पुन्हा घातला, हे एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही. मी कपाटामागे उभी राहून वाट बघायचे, आता कुणी विचारेल म्हणून. हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय, आणि तेही तुला. बघ काय वेळ आली.

तर आता बाबा घड्या घालतात आणि जोडते अजूनही मीच. आधी दिवसाला दहा व्हायचे, आता चाळीस होतात. डाव्या हातानं धरतात, उजव्याच्या अंगठ्यानं कड दाबतात, आणि दाबताना ओठ चावतात.

बावीस तारखेचं मनातून काढून टाक.

ताई


२४ फेब्रुवारी

चिमटीस,

या वेळी तू चार पानं लिहिलीस. त्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘बाबा मला विसरले असतील तर त्यांनी तोंडावर सांगावं, मी परत फिरेन.’ हे वाचल्यावर खोटं बोलत राहायचा मला कंटाळा आला. पश्चात्ताप वगैरे समजू नकोस. नुसता कंटाळा.

तुझी चौदाच्या चौदा पत्रं मला मिळाली. बाबांना मी त्यातलं एकही दिलं नाही.

आता ऐक. तू गेलीस तो गुरुवार होता. प्रबंधांचं काम शनिवारी द्यायचं होतं. तुझ्या टेबलावर छापून आलेल्या कागदांचे अर्धे फर्मे दुमडलेले, अर्धे तसेच, आणि वर हाडाची पट्टी ठेवलेली. चहाला उठावं तशी उठून गेलीस. तुझा तो कागदाच्या गिरणीचा एजंट गल्लीच्या तोंडाशी टेम्पो घेऊन उभा होता, हे मावशींनी बघितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. बाबा उठले. तुझ्या स्टुलावर बसले आणि तुझे उरलेले फर्मे दुमडायला लागले. त्यांचे गुडघे टेबलाखाली मावत नव्हते. मी बघत होते.

पुढच्या महिन्यात माझं ठरायचं होतं. ते भूगोलाचे मास्तर, ज्यांच्या चपलांना तू हसायचीस. त्यांची बदली झाली होती, लग्न करून लगेच तिकडे जायचं होतं. बाबा म्हणाले, तुझं तू बघ. तुझं तू बघ म्हणणाऱ्या माणसाला सोडून कुणी जातं का? मी नकार कळवला. दोघींपैकी एकीला मागे राहायचं होतं, चिमटे. जी आधी उठली ती सुटली.

चार महिन्यांनी तुझं पहिलं पत्र आलं. ते मी फोडलं. ‘बाबा, मी माफी मागणार नाही,’ अशी सुरुवात होती. पहिलं पान वाचून काढलं. तुझं घर, तुझी गॅलरी, तिथली हवा, बाबांची आठवण. अख्ख्या पानात ताई हा शब्द नव्हता. मी पत्र मिटलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. बाबांनी विचारलं टपाल आहे का. मी म्हटलं नाही. पुढची तेरा मी पाकिटातून काढली पण वाचली नाहीत, आणि याला मी माझा मोठेपणा समजत आले. दुसऱ्याचं पत्र वाचत नाही मी, नुसतं चोरते.

फोनचंही सांगून टाकते. तू दोनदा केला होतास. बाबा तुझ्याशी बोलायला तयार नाहीत, असं मी म्हटलं. ते शेजारच्या खोलीत होते, हात खळीत बुडालेले, आणि तिथून विचारत होते, कोण आहे. मी म्हटलं, रद्दीवाला.

चार वर्षांपूर्वी तुझं चौदावं आलं आणि मग पत्रं थांबली. आता ही चौदा ठेवायची कुठे? फाडवेनात. सुटी ठेवावीत तर बाइंडरला सुटे कागद बघवत नाहीत, हे तुला सांगायला नको. मी ती बांधली. खरंच सांगते. कोरी बाजू वर ठेवून अठ्ठावीस कागद ठोकून सारखे केले, बाजूनं टोचून शिवले, तिन्ही कडा कापल्या, राखाडी कापडाची जिल्द चढवली. पाठीवर चिठ्ठी लावली, ‘नमुना ११’. नमुन्यांच्या कपाटात सगळ्यात वर, दहा आणि बाराच्या मध्ये. काम आलं की वाचायचं नाही, बांधायचं, हा बाबांचाच नियम. मी चांगलं बांधलं. कुणाही गिऱ्हाइकाला दाखवावं असं.

ते अजून तिथेच आहे. तू आलीस तर तुझ्या हातात देईन आणि मग बाबांना काय सांगायचं ते तू सांग. मात्र एक लक्षात ठेव. ते गेले तर मला काही उरत नाही. ना गाळा, ना मास्तर, ना तू. मला एवढंच राखायचं होतं आणि ते मी चोरी करून राखलं. आता शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण या वेळी समास सोडून.

ताई


१० मार्च

चिमटीस,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी तरी काय उत्तर दिलं असतं. तरीही लिहितेय, कारण काल जे झालं ते सांगायला दुसरं माणूस नाही.

पक्षी जवळजवळ झाला होता. पोट, पाठ, पंख, वर उचललेली शेपटी. कातरण मीच कापून देत होते, पण मधल्या काळात बाबा म्हणाले, आता मी कापतो, हाताला बरं वाटतं. मी खोल्या बघायला, सामान पोचवायला दुपारची बाहेर असायचे. परत आले की बुटांच्या खोक्यात त्रिकोण तयार. कागद आपल्या नेहमीच्या कातरणापेक्षा जाड होता, घडी छान धरत होता. मी म्हटलंसुद्धा, कुठला कागद हा? म्हणाले, जुना आहे, चांगला आहे. मी जोडत गेले. जोडणाऱ्यानं कडा बघायच्या असतात.

काल मानेचे तुकडे घेतले. मान एकेका त्रिकोणाची चढते, म्हणून तिथे प्रत्येक तुकडा हातात घेऊन बघावा लागतो. सातवा की आठवा तुकडा उलटा निघाला. लिहिलेली बाजू बाहेर.

पन्नास वर्षं बाइंडिंग केलेला माणूस फर्मा उलटा लावत नाही. मला हसू आलं, म्हटलं म्हातारे झाले बाबा. चिडवायचं म्हणून तुकडा उजेडाला धरला. निळी शाई होती. कागदाच्या टोकापर्यंत गेलेली.

मी घडी उलगडली. चार ओळींचे मधले तुकडे होते. ‘ताईला इकडे’, ‘मागची खोली ति’, ‘तिच्याशिवाय मला’, आणि एक ओळ वाचता येईना.

मग मी पक्ष्याकडे बघितलं. शेपटीच्या एका त्रिकोणाचा खिसा नखानं उघडला. आत निळं. शेजारच्यात निळं. पोटाच्या फेरीत, पंखात, सगळीकडे. बाहेरून पांढराशुभ्र आणि ज्या खिशात डोकवावं तिथे तू.

स्टूल घेऊन कपाटाशी गेले. दहा आणि बाराच्या मध्ये नमुना ११ जागच्या जागी होता. काढला तर हलका लागला. नुसती जिल्द. आतला दोरा सुरीनं नीट कापलेला, एक धागाही लोंबत नव्हता. असं कापणारा आपल्या घरात एकच.

बाबा खुर्चीवर झोपले होते. तोंड उघडं, मांडीवर हात, उजवा डाव्यात धरलेला. मी त्यांना उठवलं नाही. उद्या बोलेन.

ताई


११ मार्च

चिमटे,

बोलले.

सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी ती रिकामी जिल्द. त्यांनी आधी चहा संपवला. मग मी विचारलं, हे कधी सापडलं.

म्हणाले, “ठेवलंस त्याच आठवड्यात. शेवटची गाठ तू दोनदा मारतेस. तिथले नमुने सगळे माझ्या हातचे, मी एकदाच मारतो.”

म्हणजे चार वर्षं. चार वर्षं मी त्या कपाटाखालून जीव मुठीत धरून ये-जा करत होते, त्यांना चुकून वर बघू देत नव्हते, आणि त्यांनी ते वाचून, होतं तसं परत ठेवलेलं होतं. मला वाटलं, आता ते मला चोर म्हणतील. मी तयार होते. एका परीनं वाटच बघत होते. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. सुनावण्यासारखं तोंडच त्यांच्यापाशी नव्हतं, हे मला जरा उशिरा कळलं.

मी विचारलं, मग तुम्ही तिला लिहिलं का नाहीत? पत्ता तर होता.

रिकामा कप बशीवर फिरवला. मी दुसऱ्यांदा विचारलं. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणी दुसऱ्यांदा विचारलं असेल.

“तिला लिहिलं असतं तर तुला कळलं असतं,” ते म्हणाले. “तू वाचलं असतंस. वाचलं असतंस तर गेली असतीस.”

मला तेव्हाही समजलं नाही बघ. मी खुळ्यासारखं म्हटलं, मी कशाला जाईन, ती तर तुम्हाला बोलावत होती. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खोटं बोलतेय. तू बोलावत होतीस हे मला माहीत, म्हणजे मी वाचलेलं असणार, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, एक पान. पहिल्या पत्राचं पहिलं पान. तेव्हा ते खाली बघायला लागले आणि म्हणाले, “तुझं दुसऱ्या पानावर होतं.”

मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. तुमच्याकडच्या ग्रंथालयाला बाइंडर हवा होता. ताईला पाठवा. तुझ्या घरामागे एक खोली आहे, उत्तरेचा उजेड आहे, शिलाईची चौकट मावते. ताईला पाठवा. जागा दुसऱ्या कुणी घेतली, पण दुसरं काम आहे. ताईला पाठवा, बाबा तुम्हीही या, पण आधी ताईला. सात वर्षं, पत्रामागून पत्र. बाबांना पाठ होतं. मला वाटत होतं तू बाबांना माझ्याकडून ओढतेस. तू मला ओढत होतीस, आणि तो दोर मी माझ्या हातानं शिवून, जिल्द चढवून कपाटावर ठेवला, आणि त्यांनी तो तिथेच राहू दिला.

मी विचारलं, आणि आता पक्षी कशाला? म्हणाले, गाळा सोडायचा तर कपाट रिकामं होणार, हलवाहलवीत तू उघडलं असतंस. म्हणून नोव्हेंबरात स्टुलावर चढलो. हात मोडला पण पुस्तक हाती आलं नाही. ते मावशींनी जानेवारीत काढून दिलं आणि नंतर जिल्द परत वर ठेवली. मावशींनी. बघ, तोंड शिवायचं त्यांना येतं आणि मला पत्ता नव्हता.

“फाडवेना,” ते म्हणाले. “म्हटलं, लिहिलेली बाजू आत घालू. तू जोडशील. राहील घरात.”

माझ्याच हातून, चिमटे. तेही मलाच जोडायला लावलं.

तो एक तुकडा उलटा कसा झाला, हे शेवटी विचारलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, बोटं उघडली, मिटली. “हात अजून नीट नाही,” म्हणाले. बाकीच्या चारशे सत्तेचाळीस घड्या नीट होत्या. मी काय समजायचं ते मला ठरवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना ते श्रेय द्यायचं नाही.

मला त्यांचा राग आहे, एवढा की त्यांच्या समोरचा कप अजून उचललेला नाही. आणि दुपारी त्यांच्या बोटांना तेल लावायला मीच बसते. दुसरं कोण आहे.

ताई


१७ मार्च

चिमटे,

पक्षी मी उसवला. शेपटीपासून सुरुवात केली. खळ लावलेली असती तर फाडावा लागला असता. बाबांचा एक नियम तेवढा माझ्या कामी आला.

चार दिवस लागले. माझ्या कातरणाचे कोरे त्रिकोण बाजूला काढले, तुझे चारशे अठ्ठेचाळीस तुकडे उलगडून दाबाखाली सपाट केले आणि मोठ्या टेबलावर मांडले. एका कागदाचे सोळा, असे अठ्ठावीस कागद. तुझ्या शाया वेगवेगळ्या होत्या, ते एक बरं झालं. बाबा खुर्चीवरून बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पक्षी बरा झाला होता. मी म्हटलं, बदक होतं. एवढंच आमचं त्या चार दिवसांचं बोलणं.

मी सगळी वाचली. अकरा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचं काही वाचलं, आणि ते माझं निघालं. तुझं मूल गेलं ते मला सहाव्या पत्रात कळलं. त्यात तू लिहिलंयस, ‘ताई असती तर मी हे कुणाला तरी सांगितलं असतं.’ मी होते, चिमटे. पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं.

त्या दोन खोल्यांना मी नाही म्हणून कळवलं. बाबांना तू घेऊन जा. मी अडवणार नाही. विचारलं तर म्हणाले, न्याल तिथे जाईन. न्याल म्हणाले, नेशील नाही. दोघींना मिळून म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना वाटतंय की मी त्यांच्यासोबत येणार. इतकी वर्षं जिथे जाऊ नये म्हणून त्यांनी मला अडकवून ठेवलं, तिथे आता तेच मला पोचवून देणार, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलंय. मी त्यांना होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी चार वर्षं वाट बघायला लावली, त्यांनी चार दिवस बघावी.

पण एका गोष्टीनं मी अडलेय. तुकडे मांडले, ओळीला ओळ लागली, आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर, कुठे अख्खा शब्द, गायब. आधी वाटलं तुकडे हरवले. मग लक्षात आलं. बांधताना तिन्ही कडा मी कापल्या होत्या. अर्ध्या बोटाची पट्टी, कड सरळ यावी म्हणून. समास सोडला असतास तर कोरा कागद गेला असता. तू सोडला नाहीस आणि मी बघितलं नाही. ती कातरणं त्याच दिवशी रद्दीत गेली.

बहुतेक ओळी मी अंदाजानं पुऱ्या केल्या. एक होत नाही. चौदाव्या पत्राची, अगदी शेवटची, जिच्यानंतर तू चार वर्षं लिहिलं नाहीस. ‘ताईला हे शेवटचं सांगा, मागच्या खोलीचं दार’, आणि तिथे कागद संपतो. बाबांना विचारलं. म्हणाले, मी वाचलं तेव्हाच कापलेलं होतं.

दार उघडं आहे की बंद केलं, ते बावीसला आलीस की सांग. लिहू मात्र नकोस. या घरात पत्रांचं काय होतं, ते तुला आता माहीत आहे.

ताई